बर्लिन डिफेन्समध्ये (स्पॅनिश ओपनिंगमधला काळ्याचा एक बचाव) १४ खेळींत ड्रॉ, काळ्याने करायचं काय?

पटावरचापुणेकर: रविवारी कोथरूडला बुद्धिबळाची रेटेड ओपन (रेटिंगवर परिणाम होणारी खुली स्पर्धा) होती, मी काळे, समोर आठवीतलं पोरगं, रेटिंग माझ्यापेक्षा बरंच कमी. ई४ ई५, घोडे बाहेर, उंट बी५, मी नेहमीचं घोडा एफ६. त्याने कॅसल केलं (राजा किल्ल्यात नेला), मी ई४चं प्यादं खाल्लं, त्याचं डी४, माझा घोडा डी६. आता उंट सी६ मारेल, वजीर-वजीर होईल आणि एंडगेममध्ये दळत बसू म्हणून मी खुशीत, तर पठ्ठ्याने ई५चं प्यादं मारलं! मी उंट खाल्ला, त्याने ए४, घोडे संपले, मी डी५, त्याने आँपासाँ (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारणं) मारलं आणि मग त्याचा वजीर ई४ शह, माझा वजीर ई६, त्याचा वजीर डी४, माझा वजीर डी६, परत तेच. एफ८चा उंट काढावा तर जी७चं प्यादं जातं. तिसऱ्यांदा तीच पोझिशन आली, त्याने घड्याळ थांबवून आर्बिटरला (पंचाला) हाक मारली. यातून काळ्याला सुटका आहे का?

उंटतिरका: पोराला क्लासमध्ये घोटून घेतलंय ते, ग्रँडमास्टरसुद्धा अर्धा पॉइंट हवा असला की हेच खेळतात. तू ज्या एंडगेमची वाट बघत होतास ती क्रामनिकची लाइन (खेळींचा क्रम), २०००ला लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये त्याच्याविरुद्ध कास्पारोव्हला अख्ख्या मॅचमध्ये एकही डाव जिंकता आला नाही ती. पण कुठली लाइन खेळायची ते पांढरा ठरवतो ना. ए४ नंतर घोडा डी४ ऐवजी प्यादं डी६ खेळून बघ, मग ई६, एफ×ई६, ए×बी५, पट वाकडातिकडा होतो, कमी रेटिंगवाल्याशी तेच हवं.

सदाशिवपेठी६४: असल्या ड्रॉला एन्ट्री फी परत मिळायला पाहिजे. ३० खेळींच्या आत ड्रॉ बंद करा सरळ.

घड्याळवाला: काका, तो नियम आपसात ड्रॉ मागण्यावर असतो, ट्रिपल रिपिटिशनला (तीच पोझिशन तीनदा आली की) लागत नाही. ते क्लेम केलं की आर्बिटर तपासून देणारच.

मिसळ_आणि_मात: मुळात जिंकायचंच होतं तर बर्लिन कशाला? घोडा एफ६ ऐवजी ए६ खेळ, साधं क्लोज्ड स्पॅनिश, सगळ्या सोंगट्या पटावर राहतात आणि चार तास त्याला बसवता येतं. बर्लिन सोडवत नसेल तर कॅसलनंतर ई४ न मारता उंट सी५.

पटावरचापुणेकर: उंट सी५ बरं वाटतंय, ए६ला थिअरी फार आहे हो, ऑफिस सांभाळून कधी करणार. पुढच्या रविवारी परत तेच पोरगं पेअर झालं तर मजा येईल.