घरीच शिवण शिकलात? अनुभव सांगा

गड्डाकाठ
संक्रांत जवळ आली. आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, धरताना घालायच्या बाराबंद्या (बंदांनी बांधायचे पांढरे अंगरखे) शेजाऱ्यांनी धुऊन दोरीवर टाकल्यात, त्या बघून आईचं पायमशीन आठवलं. माझं पहिलं शिवणकाम म्हणजे दादाच्या बाराबंदीचे बंद. अंगाचं मी शिवते, बंद तू कर, म्हणाली. अरुंद पट्टी दुमडून कडेला टीप मारायची, टोकाला दोरा लांब ठेवायचा, तोच सुईत ओवून सुई नेढ्याकडून पट्टीच्या पोटात घालायची आणि पलीकडून ओढायची. पट्टी सुलटी होत बाहेर येते ना, तो आनंद अजून तसाच आहे! सरळ टीप तिथंच हातात बसली. क्लास लावला नाही, उसवत-शिवत ब्लाउजपर्यंत आले. तुम्ही कशापासून सुरुवात केलीत?

पूर्वभागातली
आमच्या घरी माग होते. नाना कापड हातात देऊन ओढायला लावायचे. ताणा, म्हणजे उभे धागे, लांबीला, तो ताणत नाही. बाणा, म्हणजे आडवे धागे, थोडा देतो. कोपऱ्याकडे तिरकं ओढलं की मात्र चांगलंच लांबतं. म्हणून गोल गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टीच लागते, सरळ पट्टी चुण्या पाडते नाहीतर उभी राहते. शिवणाचं पुस्तक हातात यायच्या आधी हे मला मागावर कळलं होतं.

शेंगाचटणी
कुकर लागलाय, पटकन लिहिते. सुती कापड आधी भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. नाहीतर परकर पहिल्याच धुण्यात आटून वर चढतो बगा. बाकीचं नंतर.

गड्डाकाठ
अक्का, नाना अजून माग चालवतात का?

पूर्वभागातली
नाही गं, गेले. माग भंगारात गेले त्यानंतर. खटखट थांबली तेव्हा घरात कुणाला झोप येईना.

गड्डाकाठ
🙏 आमच्याही गल्लीत आता शांतताच असते.

कॉलरवाली
मी युनिफॉर्मच्या कारखान्यात पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर होते. सोलापूरचे गणवेश कुठं कुठं जातात! पण माझ्याकडे फक्त कॉलर. डोळे मिटून कॉलर लावीन, अख्खा शर्ट कधी शिवलाच नव्हता. घरी लेकाचा शर्ट घेतला तेव्हा बाहीपाशी गाडी अडली. शेवटी त्याचा जुना शर्ट उसवला, तुकड्यांवर इस्त्री फिरवली, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखलं. तेव्हा दिसलं, बाही पुढून जास्त खोल कापलेली असते, मागून कमी. उसवायच्या आधी पुढची बाजू खडूनं खूण करून ठेवा. उसवण्याइतकं चांगलं शिक्षण नाही, मनापासून सांगते.

नवी_मशीनवाली
मदत करा ना. वरून टीप छान दिसते, खाली दोऱ्याचा गुंता. बॉबिन काढून घालून दमले.

कॉलरवाली
बॉबिनला हात लावू नको ताई. गुंता खाली दिसला तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचल, वरचा दोरा पूर्ण काढून परत ओव, ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसला का बघ. सुईची लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूनं दोरा ओवायचा. आणि शिवायला लागताना दोन्ही दोरे धरून ठेव.

शेंगाचटणी
आले परत. मागच्या वर्षी सासूबाईंच्या फाटक्या सोलापुरी चादरीची पिशवी शिवली. 18 नंबरची सुई घेतली, नेहमीची मोडते. बाजारात चारजणींनी विचारलं कुठनं घेतली म्हणून.

नवी_मशीनवाली
सुटला गुंता!! दोरा चकत्यांच्या बाहेरच होता. थँक्यू कॉलरवाली ताई ❤️ चादरीच्या पिशवीला आतून अस्तर लावलं का हो?

शेंगाचटणी
लावलं की. जुन्या परकराचं. फोटो टाकते, आधी भाकऱ्या होऊ देत.

पूर्वभागातली
फोटोबरोबर चटणीचं प्रमाणही टाका, नावावरनं विचारतेय कधीची.