मदत हवी आहे: स्कूबा रेग्युलेटरच्या सेकंड स्टेजमधून (तोंडात धरायच्या भागातून) काही मिनिटांनी हवा फुसफुसते, स्प्रिंगमागे वॉशर घालावा का?

धागालेखक: शनिवारी मालवणला डाइव्ह ठरली आहे, त्यामुळे लवकर उत्तर मिळाल्यास बरे होईल. रेग्युलेटरचा आखूड होज काढून मी २ मीटरचा होज लावला आणि ऑक्टोपस (राखीव सेकंड स्टेज) रबरी दोरीने गळ्यात अडकवला. तेव्हापासून सिलिंडर उघडल्यावर चार-पाच मिनिटे सारे शांत असते आणि मग मुख्य सेकंड स्टेजमधून हवा फुसफुसू लागते. ऑरिफिस (सेकंड स्टेजमध्ये हवा येते ते फिरवता येणारे तोंड) आत फिरवल्यावर आवाज थांबला, परंतु श्वास ओढायला जोर लागू लागला. स्प्रिंगमागे अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घातल्यास भागेल का, एवढेच मला विचारायचे आहे.

प्रतिसाद १: फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसणारा, दाब उतरवणारा भाग) पिस्टनची आहे की डायफ्रॅमची, आणि मधला दाब (तिच्यातून होजमध्ये येणारा) किती आहे, हे आपण लिहिलेले नाही. तो आकडा कळल्याशिवाय वॉशरविषयी काहीही सांगणे योग्य होणार नाही.

प्रतिसाद २: ज्या वस्तूवर पाण्याखाली आपला श्वास अवलंबून आहे, ती प्रशिक्षित तंत्रज्ञाखेरीज कोणीही उघडू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद ३: मुळात २ मीटरचा होज गुहेत एकामागून एक पोहत बाहेर पडावे लागते म्हणून रूढ झाला. मालवणच्या उघड्या पाण्यात दीड मीटरचा होज काखेखालून घेतला तरी पुरतो.

प्रतिसाद ४: सिलिंडरला रेग्युलेटर जोडण्याची योक (शिकंज्याची) जोडणी साधारणपणे २३२ बारपर्यंतच वापरतात, तर डिन (आट्यांची) ३०० बारपर्यंत चालते आणि तिची ओ-रिंगही (रबरी कडीही) सहसा निसटत नाही. बदलच करायचा असेल तर आधी तो करावा.

धागालेखक: माझी जोडणी डिनच आहे आणि फर्स्ट स्टेज डायफ्रॅमची आहे. ती मी उघडलेली नाही. मापक माझ्याकडे नाही. वॉशरचे काय?

प्रतिसाद १: वॉशर घालू नका. सेकंड स्टेजची झडप अशी बसवलेली असते की होजमधला दाब तिला उघडण्याच्या दिशेने ढकलतो आणि स्प्रिंग तिला मिटून धरते. मधला दाब ९ ते १० बारच्या आसपास स्थिर राहण्याऐवजी हळूहळू चढत गेला, तर एका क्षणी स्प्रिंग हरते आणि हवा सुटते. ही गळती म्हणजे फर्स्ट स्टेजने दिलेली सूचना आहे. वॉशरने स्प्रिंग कडक केल्यास तीच सूचना दाबली जाईल, आणि २० मीटरवर हवा तिप्पट दाट झाल्यावर श्वास अधिकच जड होईल.

प्रतिसाद ५: प्रतिसाद २ शी मी सहमत नाही. मी माझे रेग्युलेटर स्वतःच उघडतो, कारण तंत्रज्ञाकडून आलेल्या रेग्युलेटरमध्येही एकदा झडप उघडणारा लिव्हर उंच राहिलेला मला आढळला होता. मात्र मापकाशिवाय मी स्क्रूला हात लावत नाही. शिवाय ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनचे मिश्रण वापरणार असाल, तर सिलिकॉन ग्रीस चालत नाही.

प्रतिसाद २: आपल्याकडे मापक होते, धागालेखकाकडे नव्हते, आणि माझा आक्षेप नेमका तोच आहे.

धागालेखक: मित्राकडून मापक आणले. सुरुवातीला ९.५ बार दाखवले आणि सहा मिनिटांत काटा १२ च्या पुढे गेला. होजशी संबंध नसावा असे वाटून एक गोष्ट लिहायची राहिली होती: गेल्या महिन्यात भाड्याच्या पोलादी सिलिंडरवर डाइव्ह केल्यानंतर फिल्टरवर तांबूस भुकटी दिसली होती आणि मी ती फक्त पुसून टाकली.

प्रतिसाद १: ती भुकटी सिलिंडरमधल्या गंजाची असावी, आणि तिचे बारीक कण फिल्टरमधून जाऊन फर्स्ट स्टेजमधल्या उच्च दाबाच्या सीटवर (झडप मिटवणाऱ्या मऊ भागावर) ओरखडे पाडू शकतात. सीट आणि फिल्टर दोन्ही बदलून घ्या. सीट ज्या धातूच्या कडेवर टेकते ती कड भिंगाखाली पाहायला सांगा, कारण तिला खाच पडलेली असेल तर नवी सीटही गळेल. होज निर्दोष आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, इतकेच.

धागालेखक: फर्स्ट स्टेज उद्या तंत्रज्ञाकडे देतो आणि शनिवारी भाड्याचा रेग्युलेटर वापरतो. मात्र ऑरिफिस किती वळसे आत फिरवला, हे मी मोजून ठेवले नव्हते. तो मूळ जागी कसा आणावा?

प्रतिसाद ५: मूळ जागा शोधू नका. नवी सीट बसून मधला दाब स्थिर झाल्यावर, हवा सुरू ठेवून, ऑरिफिस फुसफुस ऐकू येईपर्यंत थोडा थोडा बाहेर आणावा आणि मग ती जेमतेम थांबेल इतकाच आत न्यावा. आत फिरवताना दर वेळी पर्ज बटण (झडप हाताने उघडण्याचे) दाबून धरावे, नाहीतर ऑरिफिसची धार सेकंड स्टेजच्या सीटमध्ये रुतते.