मांसाहारी नसते तर शाकाहारी सुखात?

वर कुणीतरी म्हटलंय की मांसाहारी प्राणी नसते तर बिचारे शाकाहारी सुखात जगले असते. अहो पण मग ते खाणार काय? उत्तर पॅसिफिक महासागरातल्या सी ऑटरचंच, म्हणजे समुद्री पाणमांजराचंच बघा ना, फरसाठी त्यांची इतकी कत्तल झाली की शेवटी १९११ मध्ये करार करून शिकार थांबवावी लागली. हा पठ्ठ्या पाण्यावर उताणा तरंगत छातीवर दगड ठेवतो, त्यावर शिंपल्यांची कवचं आपटून फोडतो आणि रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा खातो, त्यात सी अर्चिन नावाचे गोल, काटेरी, शेवाळ खाणारे समुद्री जीव भरपूर. ऑटर गेले की अर्चिन बेसुमार वाढतात आणि केल्प नावाचं उंच समुद्री शेवाळ बुडाशीच कुरतडतात, मग अख्खं जंगल आडवं, त्यात लपणारी मासळीही गायब आणि अर्चिन स्वतःही उपाशी, आतून पार पोकळ.

आणि मांसाहारी मुळात असतातच थोडे, कारण अन्नसाखळीत (वनस्पती, मग शाकाहारी, मग मांसाहारी) एका पायरीवरून पुढच्या पायरीवर सरासरी १० टक्केच ऊर्जा पोचते.

बाय द वे, शाकाहारीपण काही सोवळ्यातलं नसतं हं, जिराफ कॅल्शियम-फॉस्फरससाठी चक्क हाडं चघळतो :)