गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे फोडून जोत्यात घालू का?

पडवीकर:
राजापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर दिवाळीनंतर उतरवायला घेतलंय. पणजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. मागच्या गोठ्यावर मात्र बाबांनी १९८४ साली सिमेंटचे पत्रे घातले होते, एकूण १४. मुकादमाचं म्हणणं, "फोडून जोत्यात भराव घालू, तेवढीच खडी वाचेल." मेव्हण्याला तेच पत्रे कोंबड्यांच्या खुराड्यावर हवेत.

परवा दोन पत्रे गड्याच्या हातून सुटून खळ्यात फुटले. फुटलेल्या कडेला काथ्यासारखे पांढुरके तंतू दिसतात. आईने लगेच खराट्याने झाडून काढलं. रात्री मोबाईलवर वाचत बसलो आणि झोप उडाली. हे ॲस्बेस्टॉसच ना, ते फुफ्फुसांना घातक तंतूंचं खनिज? आणि कौलं, वासे, खिडक्या यांचं काय करू?

घाटावरचा_पाहुणा:
एवढं काय घाबरायचं? आमच्याकडे असे पत्रे लोक मागून नेतात. हे पत्रे तर आजही दुकानात मिळतात.

निवृत्त_सेफ्टी:
मिळतात, हीच तर गोची. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आपल्याकडे आजही राजरोस विकले जातात, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. मी कारखान्यात सुरक्षेचं काम केलंय. पडवीकर, १९८४ चा पत्रा आणि कडेला तंतू, म्हणजे ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. साबूत पत्रा छपरावर असतो तोवर फारसा त्रास देत नाही. फोडला, कापला, घासला की धूळ उडते. त्या धुळीचा आजार २०, ३०, कधी ४० वर्षांनी वर येतो. त्यामुळे आज कोणालाच काही होत नाही आणि आपण आपले बिनधास्त.

जोत्यात मुळीच घालू नका. पुढे कोणीतरी नळासाठी तिथेच खणणार. खुराड्यालाही नको, मेव्हणा त्यात भोकं पाडणारच.

पत्रा आधी पाण्याने भिजवा, फवारणीच्या पंपात थोडं भांड्यांचं साबण टाकलं की पाणी मुरतं. गंजलेला बोल्ट कापा, पत्रा कापू नका. ग्राइंडर तर आवारात आणूच नका. अख्खा पत्रा दोघांनी धरून उतरवायचा, वरून टाकायचा नाही. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, एन-९५ सुद्धा अपुरा. अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचा मुखवटा लागतो. खळ्यातली उरलेली धूळ खराट्याने नाही, ओल्या फडक्याने टिपा आणि फडकं तुकड्यांबरोबरच बांधा. आईंना सांगा, एका झाडण्याने आभाळ कोसळत नाही. पुन्हा झाडू नका, एवढंच.

उतरवलेला माल जाड प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर 'ॲस्बेस्टॉस' लिहून ठेवा. धोकादायक कचऱ्याची केंद्रं तळोजा, रांजणगावला आहेत. राजापुरातून थोड्याशा मालासाठी गाडी महाग पडेल, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारून घ्या.

सुताराची_लेक:
कौलांवर कोणी बोललंच नाही! एकेक कौल हातात धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर साबूत, भद्द आवाज आला तर बारीक तडा. शेवाळ ताठ ब्रशने नि साध्या पाण्याने जातं. वाश्यांतले खिळे उपसल्याशिवाय करवतीला देऊ नका, आमच्या बाबांचं एक पातं अशानेच गेलंय. खिडक्यांचा जुना तेलरंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. कौलांवर काही छाप आहे का?

पडवीकर:
ताई, आतापर्यंत वाजवलेल्या ६० कौलांत ११ भद्द निघाली. चारांवर 'बासेल मिशन' आहे.

सुताराची_लेक:
जपा ती! बासेल मिशन म्हणजे स्वित्झर्लंडची मिशनरी संस्था. तिचा कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्या हातून गेला. म्हणजे बहुधा शंभरीच्या पुढची आहेत. भद्द कौलं वाफ्याच्या कडेला उभी गाडा.

पडवीकर:
ठरलं. गोठा तूर्त पाडतच नाही, छपरावरचे सात पत्रे तसेच राहतील. आधी उतरवलेले पाच अख्खे आणि दोनांचे तुकडे गुंडाळून मांगराच्या कोपऱ्यात ठेवलेत. मेव्हणा रुसलाय. मुकादम चिकटपट्टी लावता लावता म्हणाला, "भाऊ, एवढं तर मयतालापण बांधत नाहीत."