इस्लामचा आरंभीचा प्रसार इतक्या वेगाने का झाला?

प्रश्न (वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर मी जगाचा इतिहास वाचतो. पैगंबर मुहंमद यांचे ६३२ मध्ये मदिनेत निधन झाले आणि पुढच्या वीस वर्षांत इराणचे सासानी साम्राज्य संपले, तर सीरिया, पॅलेस्टाईन आणि इजिप्त बायझंटाईन (पूर्व रोमन) सम्राटाच्या हातून गेले. याचे कारण विचारले की काही मुले तलवार म्हणतात, काही समतेची शिकवण म्हणतात. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. जाणकारांनी कृपया विस्ताराने लिहावे.

उत्तर १ (इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, कोथरूड)

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या घटना एकत्र आल्या आहेत. अरबांची सत्ता दोन-तीन दशकांत पसरली. त्या सत्तेखालची बहुसंख्य प्रजा मुसलमान व्हायला मात्र काही शतके लागली.

सत्ता पसरण्याचे मोठे कारण अरबस्तानाबाहेर आहे. बायझंटाईन आणि सासानी साम्राज्ये ६०२ ते ६२८ अशी सव्वीस वर्षे एकमेकांशी लढत होती. इराणी फौजांनी ६१४ मध्ये जेरुसलेम घेतले, पुढे इजिप्तही घेतला. सम्राट हेराक्लियसने ते सारे परत मिळवले, पण तोवर दोन्हीकडचे खजिने रिते झाले होते. ६२८ मध्ये खुस्रो दुसरा मारला गेला आणि इराणच्या गादीवर चार वर्षांत एकामागून एक राजे-राण्या बसल्या. त्यातच ५४१ पासून पुन्हा पुन्हा उसळणाऱ्या प्लेगने शहरे विरळ केली होती. वाळवंटाची सीमा सांभाळणारे लखमी अरबांचे मांडलिक राज्य तर सासानींनी स्वतःच मोडून टाकले होते. अशा वेळी, पहिले खलिफा अबू बक्र यांनी नुकत्याच एकत्र आणलेल्या टोळ्या उत्तरेकडे निघाल्या, आणि ६३६ मध्ये सीरियाच्या सीमेवरील यर्मुक येथे बायझंटाईनांचे, तर त्याच सुमारास इराकमधील कादिसिया येथे सासानींचे मुख्य सैन्य हरले.

इजिप्तमधील ख्रिस्ती प्रजेने अरबांचे स्वागत केले, असे सरसकट लिहिले जाते, ते जपून घ्यावे. ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी निर्णय देणाऱ्या ४५१ च्या खाल्केडोन धर्मपरिषदेपासून तेथील चर्च आणि सम्राट यांच्यात तेढ होती, हे खरे. परंतु इजिप्तमधीलच निकिऊचा बिशप योहान्नेस याच्या वृत्तांतात अरबांनी केलेल्या कत्तलीही नोंदल्या आहेत.

उत्तर २ (वाचक, औंध)

सरांचे विवेचन मला मान्य आहे, परंतु त्यात श्रद्धेचा वाटा कमी पडतो. दुबळ्या साम्राज्यांच्या सीमेवर लूट करून परतणाऱ्या टोळ्या पूर्वीही होत्या. आता कुळापलीकडची निष्ठा निर्माण झाली होती, म्हणून त्या परतल्या नाहीत. दुसरे खलिफा उमर यांनी सैनिकांची नोंदवही ठेवून वेतन सुरू केले आणि फौजा बसरा, कुफा, फुस्तात अशा नव्या छावण्यांत वसवल्या. जमीन कसणारे बहुतांशी जुनेच राहिले. विजेते आणि प्रजा असे वेगळे राहत असल्यामुळेच धर्मांतराची गती आरंभी मंद होती.

शिवाय राज्यकर्त्यांना धर्मांतर नेहमी हवेच होते, असेही नाही. मुसलमानेतरांकडून जिझिया हा कर मिळत असे. इराकचा सुभेदार हज्जाज याने गाव सोडून शहरात आलेल्या नवमुसलमानांना महसुलासाठी परत पाठवले. उलट खलिफा उमर दुसरा (७१७ ते ७२०) याने त्यांच्याकडून जिझिया घेऊ नये, असा आदेश दिला. तलवारीच्या धाकाने धर्म बदलायला लावणे हेच धोरण असते, तर हा वाद उद्भवलाच नसता.

उत्तर ३ (वाचक, हडपसर)

आपल्या मुलांसाठी जवळचे उदाहरण कोकणाचे आहे. अरब प्रवासी अल-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी सैमूर, म्हणजे अलिबागजवळचे चौल, येथे आला होता आणि तेथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे त्याने लिहिले आहे. राज्य राष्ट्रकूटांचे होते. चिंचणीच्या ९२६ च्या ताम्रपटात तर संजाण परिसराचा राष्ट्रकूटांचा अधिकारी मुहंमद नावाचा अरब दिसतो, आणि ताम्रपट आहे एका हिंदू मठाला दिलेल्या दानाचा. ही वस्ती मुख्यतः सागरी व्यापारातून वाढली. अरबांनी ७१२ च्या सुमारास जिंकलेल्या सिंधसारखे लष्करी विजयाचे कारण तिला लागू पडत नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. धर्मांतराला शतके लागली, हे कशावरून ठरवले जाते?

उत्तर १ (इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, कोथरूड)

इराणपुरते सांगतो. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी जुन्या चरित्रकोशांतील वंशावळी तपासून, घराण्यात पहिले मुसलमानी नाव कोणत्या पिढीत येते, ते पाहिले. त्यावरून धर्मांतराचा भर विजयानंतर सुमारे दोन शतकांनी, म्हणजे नवव्या शतकात, दिसतो. मात्र अशा कोशांत प्रामुख्याने शहरांतील विद्वानांची घराणी येतात. खेड्यांतील शेतकऱ्यांना याहूनही अधिक काळ लागला असावा, असे मला वाटते.