प्रति: पब्लिक आयपीच नाही, मग भीती कशाची?

पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) नसला की कुबरनेटीसचा क्लस्टर (सॉफ्टवेअर चालवायला एकत्र जोडलेल्या मशीनचा गट) सुरक्षित, हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. इंटरनेटवरून येणाऱ्यांपुरतं ठीक आहे भाऊ, पण सीव्हीई-२०२०-८५५८ या सुरक्षेतल्या त्रुटीला इंटरनेट लागतच नव्हतं. कुबरनेटीसचा नेटवर्क सांभाळणारा भाग, क्यूब-प्रॉक्सी, नोडवर (क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनवर) रूट_लोकलनेट ही कर्नलची सेटिंग चालू करायचा. त्यामुळे १२७.०.०.१ वर बांधलेली, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरती असलेली सर्व्हिस त्याच नेटवर्कवरच्या शेजारच्या मशीनला गाठता यायची. एपीआय सर्व्हरचा (क्लस्टरला हुकूम इथूनच जातात) बिनापासवर्डचा ८०८० पोर्ट चालू असला, तर अख्खा क्लस्टरच हाती. कुबरनेटीसच्या १.१६.११, १.१७.७ आणि १.१८.४ या व्हर्जनमध्ये दुरुस्ती आली.

आता आपल्याकडचं पहा. वणीकडच्या एका जिनिंगमध्ये काट्याचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, ऑफिसचं वायफाय अन् क्लस्टरचे नोड, सगळं एकाच स्विचवर. कापसाच्या सीझनमध्ये गाडी घेऊन आलेला कोणीही वायफायचा पासवर्ड मागतो, अन् त्याला मिळतोही! नोड वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाकू म्हटलं तर मालक म्हणे, सीझन झाल्यावर पाहू. तोवर बाहेरून १२७.०.०.०/८ कडे येणारी पॅकेट ड्रॉप करायचा आयपीटेबल्सचा (लिनक्सच्या फायरवॉलचा) नियम प्रत्येक नोडवर घातला (आधी जुळलेली आणि डीनॅट झालेली, म्हणजे जाण्याचा पत्ता बदललेली कनेक्शन वगळून). व्हर्जन जुनं असेल तर तेवढं तरी करा.