आफ्रिकेतील सर्वांत मोठे चर्च हे कॅथीड्रल का नाही?

प्रश्न

आफ्रिका खंडातील कॅथलिक कॅथीड्रल आणि मोठ्या बॅसिलिका यांविषयी वाचन सुरू आहे. आयव्हरी कोस्टमधील यामूसुक्रो येथील शांतिमातेची बॅसिलिका १५८ मीटर उंच असून जगातील सर्वांत मोठे चर्च म्हणून तिची नोंद केली जाते. तरीही त्या शहराचे कॅथीड्रल म्हणून सेंट ऑगस्टीनच्या नावाचे दुसरेच चर्च दाखवले जाते. एवढी भव्य वास्तू हाताशी असताना असे का झाले असावे? खंडात इतरत्रही असेच आहे का?

प्रतिसाद १

कॅथीड्रल ठरते ते बिशपच्या आसनावरून. धर्मप्रांताच्या (म्हणजे एका बिशपच्या, प्रमुख धर्मगुरूच्या, अखत्यारीतील प्रदेशाच्या) बिशपचे अधिकृत आसन ज्या चर्चमध्ये असते ते कॅथीड्रल, मग ते कितीही लहान असो. बॅसिलिका हा पोपने दिलेला सन्मान आहे आणि त्याचाही आकाराशी थेट संबंध नाही. रोममध्येही पोपचे कॅथीड्रल लॅटरन येथे आहे, सेंट पीटर्स नव्हे. यामूसुक्रोच्या बाबतीत कालक्रमही पाहावा: बॅसिलिकेचे अभिषेचन (विधिपूर्वक पवित्रीकरण) १९९० मध्ये झाले, तर यामूसुक्रो हा स्वतंत्र धर्मप्रांत १९९२ मध्ये स्थापन झाला. म्हणजे बॅसिलिका उभी राहिली तेव्हा त्या शहराला स्वतःचा बिशपच नव्हता.

प्रतिसाद २

‘सर्वांत मोठे’ हे बिरुद जरा जपून वापरावे, असे मला वाटते. यामूसुक्रोचे जे ३०,००० चौरस मीटर क्षेत्रफळ सांगितले जाते, त्यात धर्मगुरूंचे निवासस्थान आणि अतिथिगृह यांसारख्या पूरक इमारतीही धरलेल्या आहेत. प्रत्यक्ष बॅसिलिकेत सुमारे ७,००० माणसे बसू शकतात आणि आणखी ११,००० उभी राहू शकतात. तत्कालीन राष्ट्राध्यक्ष फेलिक्स ऊफ्वे-ब्वान्यी यांनी आपल्या जन्मगावी, जे १९८३ मध्ये देशाची राजधानी घोषित झाले, ही वास्तू १९८५ ते १९८९ या चारच वर्षांत उभी करून घेतली; वास्तुरचनाकार पियेर फाखूरी होते. देश आर्थिक संकटात असताना हा खर्च झाल्याने टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जवळच रुग्णालय बांधण्याच्या अटीवर अभिषेचनास होकार दिला. ते रुग्णालय प्रत्यक्षात सुरू व्हायला मात्र पाव शतकाच्या आसपास काळ गेला. आतील रंगीत काचचित्रांपैकी एकात येशूच्या सान्निध्यात स्वतः राष्ट्राध्यक्षही दिसतात, यावरून ही वास्तू कोणाच्या इच्छेने उभी राहिली हे वेगळे सांगायला नको.

प्रश्नकर्ता

धर्मप्रांताच्या स्थापनेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. इतर देशांतील उदाहरणेही कळली तर बरे होईल.

प्रतिसाद ३

युगांडात हाच भेद स्पष्ट दिसतो. कंपालाचे कॅथीड्रल रुबागा टेकडीवर आहे, पण ३ जूनला, हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, यात्रेकरूंची रीघ लागते ती नामुगोंगोच्या बॅसिलिकेकडे. पारंपरिक झोपडीच्या आकाराच्या त्या वास्तूला तांब्याचे २२ खांब असून ते १९६४ मध्ये संतपद मिळालेल्या २२ कॅथलिक हुतात्म्यांचे प्रतीक आहेत.

अल्जीरियाची राजधानी अल्जियर्सची कथा निराळी आहे. तेथील केचावा मशिदीचे फ्रेंच राजवटीत कॅथीड्रल करण्यात आले होते. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर ती पुन्हा मशीद झाली आणि बिशपचे आसन सेक्रेड हार्टच्या नव्या काँक्रीट चर्चमध्ये गेले. समुद्राकडे पाहणारी ‘आफ्रिकेची माता’ ही १८७२ ची बॅसिलिका मात्र जागच्या जागी राहिली. तिच्या वेदीमागे फ्रेंचमध्ये ‘आमच्यासाठी आणि मुसलमानांसाठी प्रार्थना कर’ अशी मरियेला केलेली विनंती कोरलेली आहे.

आकाराने यांच्या पासंगालाही न पुरणारे बांगीचे कॅथीड्रलही या यादीत हवेच. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात हिंसाचार चालू असताना पोप फ्रान्सिस यांनी २९ नोव्हेंबर २०१५ रोजी तेथील पवित्र द्वार (जयंती वर्षात भाविकांसाठी खास उघडला जाणारा दरवाजा) उघडले आणि करुणेच्या जयंती वर्षाचा, म्हणजे कॅथलिकांच्या क्षमेला वाहिलेल्या विशेष वर्षाचा, आरंभ रोमच्या आधी तिथे झाला. रोममधील द्वार त्यानंतर, ८ डिसेंबरला उघडले.